दहा नावं, एका श्वासात

दीनाकाकूंच्या घरात देव्हारा नव्हता आणि भिंतीवर एकही तसबीर नव्हती. लग्न होऊन मी सिंदेवाहीला आले तेव्हा शेजारच्या या घरात पहिल्यांदा मला तेच जाणवलं. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्याहिचा देव दिसत नाई. पन माणसं लय चांगली आहेत. तुले काही लागलं तं बिनधास्त जात जाय."

ती दोघं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळची अलिबागच्या बाजूची. हन्नोक वाकरूळकर काका इथल्या धान संशोधन केंद्रात नोकरीला लागले आणि दुसऱ्या वर्षी लग्न करून काकूंना घेऊन आले. तेव्हा काकू बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना समुद्राची सवय होती आणि इथे चारी बाजूंनी जंगल. पहिलं वर्षभर आपण रोज रडायचो, असं त्या हसत सांगत. नंतर मुलगी झाली, मिल्का, आणि रडायला वेळ उरला नाही. मिल्का मोठी होऊन नर्स झाली, इस्राएलमधल्या एका मुलाशी लग्न करून तिकडे दिमोना गावी गेली. राहिली ही दोघं. ब्रह्मपुरीपासून मूल गावापर्यंत त्यांच्या धर्माचं तिसरं माणूस नव्हतं.

काकांचा आवाज साऱ्या केंद्राला माहीत होता. बांधावर उभे राहून ते पाच एकर पलीकडच्या मजुराला हाक मारत आणि तो वळून बघे. तोच आवाज ते वर्षातून एक दिवस वेगळ्या कामासाठी काढत.

त्यांचा पुरीम नावाचा सण बहुतेक वर्षी होळीच्या पुनवेलाच येतो. पूर्वी कोकणात त्यांची माणसं या सणाला सरळ 'होळीचा सण' म्हणत, असं काकू सांगायच्या. त्या दिवशी एस्तेर राणीची पोथी वाचायची असते. पोथी म्हणजे पानांचं पुस्तक नव्हे, चामड्याची लांब गुंडाळी, त्यावर हातानं लिहिलेली हिब्रू अक्षरं. काकांकडची गुंडाळी त्यांच्या आजोबांची. लाकडी नळकांड्यात, मऊ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात असे. आदल्या संध्याकाळी दोघंच असताना ते एकदा वाचत आणि सकाळी पुन्हा एकदा वाचत. सकाळच्या वाचनाला आम्ही जात असू.

आम्ही म्हणजे सासूबाई, मी, गल्लीतल्या दोन-चार बाया आणि असतील ती पोरं. काका अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून बसत. गुंडाळी पत्रासारखी घड्या घालत उलगडत आणि सुरात वाचायला लागत. आम्हाला एक अक्षर कळत नसे. पण गोष्ट आम्हाला ठाऊक होती, काकांनी ती मराठीतून कितीदा तरी सांगितलेली. यहुद्यांना संपवायला निघालेला हामान नावाचा प्रधान आणि राजाला सांगून आपल्या माणसांना वाचवणारी एस्तेर. वाचताना हामानचं नाव आलं की पोरांनी ताटं बडवायची, पाय आपटायचे. सासूबाई तर पोरांच्या वरताण. नाव निसटलं की विचारायच्या, "आला का हामन्या?" काका मान हलवायचे आणि सासूबाई पळीनं ताट बडवायच्या.

काकू मात्र हलायच्या नाहीत. काकांच्या समोर, भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अगं चंचल, हे ऐकायचं असतं. वाचणाऱ्यानं एक शब्द सोडायचा नाही आणि ऐकणाऱ्यानंही एक शब्द सोडायचा नाही. मधे बोलायचं नाही. शब्द चुकला तर मागं जायचं."

"आणि तुम्हाला वाचता येत नाही का काकू?"

"वडिलांनी भावांना शिकवलं. मला म्हणाले, तुला ऐकायचंच आहे ना? ऐक."

चाळीस वर्षं त्यांनी ऐकलं. गॅसवर पुरण शिजत असलं तरी वाचन सुरू होण्याआधी त्या गॅस बंद करून येत.

पोथीच्या शेवटी शेवटी एक जागा आहे. हामानच्या दहा मुलांची नावं तिथे एकाखाली एक लिहिलेली आहेत. दहाही एकदम मेली, म्हणून दहाही नावं एका श्वासात वाचायची अशी रीत. काका तिथे थांबत, छाती भरून श्वास घेत आणि मग सुसाट सुटत. दहावं नाव झालं की श्वास सोडून आमच्याकडे बघत आणि आम्ही सगळे हसत असू. पोरांना हाच भाग सगळ्यात जास्त आवडे.

करोना ओसरल्यानंतरच्या पहिल्या होळीला काकांचा श्वास तिथे पुरला नाही. सातव्या नावावर आवाज चिरकला, त्यांनी क्षणभर थांबून पुन्हा श्वास घेतला आणि उरलेली नावं वाचली. माझ्या लक्षातही आलं नाही. वाचन संपलं, पुरणपोळ्या झाल्या, संध्याकाळी चौकात होळी पेटली. सगळं नेहमीसारखं.

बैलपोळ्याच्या सुमारास काकांचा आवाज घोगरा झाला होता. ते म्हणत, सर्दी आहे. मग म्हणाले, धानाच्या फुलोऱ्याचं वारं बाधलं. केंद्रात असताना लागलेली खर्र्याची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. सुपारी-तंबाखूची ती पुडी सदऱ्याच्या खिशात कायम असे. दसऱ्यानंतर गिळताना त्रास व्हायला लागला, तेव्हा काकू त्यांना घेऊन नागपूरला गेल्या. स्वरयंत्राचा कर्करोग. बराच पसरलेला. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

मिल्का तीन आठवड्यांची रजा काढून आली. ऑपरेशन झालं. काका घरी आले तेव्हा गळ्याला पुढून भोक होतं, त्यातून ते श्वास घेत. बोलणं कायमचं गेलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. मी शाळेतली एक पाटी आणि पेन्सिलचा डबा त्यांना नेऊन दिला. पाटीवर त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, "चहा गोड कर." काकू वाचून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढची होळी आली. मिल्काच्या नवऱ्यानं तिकडून कळवलं होतं की तो व्हिडिओ कॉल लावून स्वतः पोथी वाचेल, बाबांनी नुसतं ऐकावं. काकूंनी फोन डब्याला टेकवून उभा केला. काका पांढरा सदरा घालून बसले. जावयानं वाचायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांनी काकांनी हात पुढे करून फोन पालथा घातला. पाटीवर लिहिलं, "यंत्रातून चालत नाही. माणूस समोर हवा."

"अहो, तो एवढ्या लांबून वाचतोय."

काकांनी तीच ओळ पेन्सिलनं अधोरेखित केली.

त्या वर्षी पोथी वाचली गेली नाही. गुंडाळी उलगडलेली तशीच पाटावर होती. काका तिच्यावर बोट फिरवत होते, ओठ हलत होते, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती. पोरं ताटं घेऊन आली होती, त्यांना सासूबाईंनी हळूच घरी पाठवलं.

दुपारी काकू आमच्या मागच्या अंगणात आल्या. सासूबाई मोह वाळत घालत होत्या. काकू त्यांच्या शेजारी बसून मोहफुलं पसरायला लागल्या आणि एकाएकी रडायला लागल्या.

"बाई, काऊन रडून राह्यल्या? भाऊ जिता आहे ना. आवाजाचं काय एवढं?" सासूबाई म्हणाल्या.

"गुणाबाई, मी ऐकलं होतं."

"काय ऐकलं?"

"मागच्या वर्षी. सातव्या नावावर आवाज फुटला. चाळीस वर्षांत कधी फुटला नव्हता. तापात वाचलं तरी नाही. मला तेव्हाच धस्स झालं. मी काही बोलले नाही. म्हटलं, वय झालं. तेव्हाच नागपूरला नेलं असतं, तर..." त्यांनी मनगटानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "माझं काम ऐकायचंच होतं. ऐकलं आणि सोडून दिलं."

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. दोघींच्याही हातांना मोहाचा चिकटपणा होता.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी पाटीच्या पेन्सिली द्यायला गेले तर काकू काकांजवळ बसून होत्या आणि पाटीवर वेगळीच अक्षरं होती. काकूंनी संकोचून पदर सारखा केला.

"मी यांना म्हटलं, मला शिकवा. पुढच्या वर्षी मी वाचते."

"मग काका काय म्हणाले?"

"मी विचारलं, बाईनं वाचलेलं चालतं का? यांनी पाटी दोनदा पुसली. मग लिहिलं, 'दुसरं कोण आहे?'"

चौसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकायची, तीही ज्याला आवाज नाही अशा माणसाकडून. मी एवढी वर्षं पोरांना शिकवते. आम्ही अक्षर दाखवतो, त्याचा आवाज सांगतो, पोरं मागून म्हणतात. इथे आवाज सांगणारं कोणी नव्हतं. पण काकूंच्या कानात अख्खी पोथी भरलेली होती. काका पहिल्या शब्दाखाली बोट ठेवायचे. काकू तो शब्द आठवणीतून म्हणायच्या, काकांच्याच सुरात. मग काका त्यातली अक्षरं एकेक करून पाटीवर मोठी काढायचे आणि काकू त्या आवाजाचे तुकडे अक्षरांवर बसवून बघायच्या. कुठला तुकडा कुठल्या अक्षराचा, हे कळायला सुरुवातीला एकेका ओळीला आठवडा लागला. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, नुसती व्यंजनं. पण काकूंना त्याची अडचण नव्हती. उजवीकडून डावीकडे वाचायचं, ती मात्र होती. डोळे सवयीनं उलटे पळत. काका पेन्सिलनं पाटीच्या लाकडावर टक् करून ठोकत. टक् म्हणजे चुकलं, मागं जा.

पावसाळाभर दुपारी चारनंतर आमच्या घरी तो सूर ऐकू येई. मधेच टक्. मग तोच सूर पुन्हा. सासूबाई धान निवडता निवडता म्हणायच्या, "आज तं लय ठोकून राह्यला भाऊ."

काका चिडत. एकदा काकू पाटी आपटून आमच्याकडे निघून आल्या. "मला नाही येत. तोंडपाठ म्हणते तर ऐकत नाहीत. बघूनच वाच म्हणतात. पाठ म्हटलेलं मोजलं जात नाही म्हणे." त्यांनी चहा घेतला आणि अर्ध्या तासानं परत गेल्या. दिवाळीपर्यंत चार अध्याय झाले. संक्रांतीपर्यंत आठ. शेवटचे दोन उरले तेव्हा नागपूरच्या तपासणीत कळलं की गाठ परत आली आहे आणि या वेळी करण्यासारखं फारसं नाही.

मिल्काला यायचं होतं, पण तिकडे लढाई सुरू होती. सुट्ट्या बंद होत्या. काकू तिला फोनवर म्हणत, "तू नीट राहा. इथं मी आहे."

होळीच्या दिवशी सकाळी काका उशांना टेकून बसले. सदरा अंगावर ढगळ झाला होता. आम्ही सगळे गेलो. केंद्रातले मुखरू आणि बुधूही आले, ते काकांच्या हाताखाली वीस वर्षं रोजंदारीवर होते. पोरांना ताटं हळू वाजवा असं बजावून ठेवलं होतं. काकूंनी गॅस बंद केला, डोक्यावरून पदर घेतला आणि गुंडाळी काकांच्या पुढ्यात उलगडली. काकांनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

काकूंचा आवाज बारीक होता. पहिल्या ओळींना तो थरथरत होता, मग लागला. सूर सगळा काकांचा. उतार तोच, थांबणं तेच. मुखरू माझ्या मागे बसला होता, तो बुधूच्या कानात म्हणाला, "साहेबच बोलून राह्यला असं वाट्टे रे." हामान आला तशी पोरांनी ताटं वाजवली. काकांनी भुवया वर करून अजून जोरात अशी खूण केली, तेव्हा सासूबाईंनी पळी उचलली.

वाचायला काकांना पाऊण तास लागे. काकूंना दीड तास लागला. काकांनी चार वेळा ठोकलं, चारही वेळा काकू मागे गेल्या.

मग ती दहा नावं आली. काकू थांबल्या. त्यांनी छाती भरून घेतली आणि वाचायला लागल्या. एक, दोन, तीन. काकांचं बोट नावामागून नाव खाली सरकत होतं. सातव्या नावाला काकूंचा आवाज गेला. शब्द अर्धा बाहेर आला आणि तुटला. त्यांचे डोळे भरून आले, ओठ दाबून धरलेले. मधे बोलायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी ठोकलं नाही. बोट त्या नावाखाली ठेवून ते थांबले. मग काकूंनी श्वास घेतला, सातवं नाव पुन्हा म्हटलं आणि उरलेली तीन वाचली. तिथून शेवटपर्यंत त्या थांबल्या नाहीत. शेवटची प्रार्थना झाली, गुंडाळी गुंडाळली गेली.

मग आमच्या सगळ्यांच्या समोर काकू काकांना म्हणाल्या, "अहो, त्या वर्षी तुमचा आवाज इथंच फुटला होता. मी ऐकलं होतं. आणि गप्प बसले."

काकांनी पाटी ओढली. लिहायला त्यांना वेळ लागला, बोटात जोर नव्हता. काकूंनी वाचलं आणि पाटी माझ्या हातात दिली. लिहिलं होतं, "मलाही तेव्हाच कळलं होतं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

"घाबरले असते तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. ओलं फडकं घेऊन त्यांनी पाटी पुसली, कोपऱ्यापर्यंत नीट पुसली, आणि काकूंकडे बघत राहिले. सासूबाई उठल्या आणि पोरांना घेऊन बाहेर गेल्या. आम्हीही गेलो. दुपारी काकूंनी पुरणपोळी दुधात कुस्करून, गाळून, काकांना चमच्यानं भरवली. चार चमचे गेले.

काका श्रावणात गेले. पाऊस सारखा लागून होता. पहाटे काकूंनी हाक मारली, आम्ही पोहोचलो तेव्हा संपलं होतं. त्यांच्यात त्याच दिवशी दफन करतात. पण करायचं कुठे? त्यांची दफनभूमी इथे नाही. माझ्या नवऱ्यानं धावपळ करून ख्रिस्ती दफनभूमीतला एक कोपरा मिळवला. तिथल्या लोकांनी एका शब्दानं आडकाठी केली नाही. मुखरू आणि बुधूनं खड्डा खणला. पाणी भरत होतं, ते घमेल्यानं उपसत होते. साध्या पांढऱ्या कापडात गुंडाळून काकांना खाली ठेवलं. अशा वेळची त्यांची एक प्रार्थना असते, पण ती म्हणायला त्यांच्या धर्माचे दहा पुरुष लागतात. काकू एकट्या होत्या. त्यांना जी एक ओळ येत होती ती त्यांनी म्हटली. छत्री सासूबाईंनी धरली होती.

त्यांच्या सुतकाच्या रिवाजाप्रमाणे सात दिवस काकू जमिनीवर बसल्या. जेवण आमच्याकडून जायचं. एकदा एवढंच म्हणाल्या, "कुणी ठोकत नाही, म्हणून चुकतंय की बरोबर आहे ते कळत नाही." मला आधी वाटलं, पोथीबद्दल म्हणतात. नंतर खात्री वाटेना.

जानेवारीत मिल्का येऊन त्यांना घेऊन गेली. घरातली भांडी काकूंनी वाटून टाकली, पाटी मला परत दिली. मी ती शाळेत नेली नाही, घरीच ठेवली. गुंडाळी त्यांनी हातातल्या पिशवीत घेतली, सामानात द्यायला तयार झाल्या नाहीत. नागपूरच्या गाडीत बसताना सासूबाईंच्या गळ्यात पडून त्या म्हणाल्या, "तुम्ही होता म्हणून राहिले." सासूबाई घरी येऊन दिवसभर तांदूळ निवडत बसल्या.

यंदा होळीला काकूंचा फोन आला. तिथे त्यांच्या घराजवळ प्रार्थनास्थळ आहे, सकाळी त्या वाचन ऐकून आल्या होत्या.

"कसं झालं काकू?"

"फार लवकर वाचतात गं. पोरगं आहे विशी-बाविशीचं. सूरही निराळा." मग त्या म्हणाल्या, "मी आपली गुंडाळी उघडून बघत होते, अक्षरावर बोट ठेवून. पाच-सहा ठिकाणी तो वेगळंच म्हणाला. अक्षरं नीट बघितली, तर त्याचंच बरोबर होतं. तुझे काका तिथं नेहमीच चुकत असणार. त्यांना त्यांच्या वडिलांनी तसंच शिकवलं असेल. मी तेच ऐकलं, तेच शिकले. आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही."

"मग आता?"

"मिल्का म्हणते, सुधारून घे. मी घेत नाही."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. त्यांना कानाला कमी ऐकू येतं, म्हणून त्या ओरडूनच बोलतात. "बाई, कवा येता? यंदा पुरन केलं तं खायले कोनी नाई. ताटबी कोनी वाजवलं नाई."

पलीकडून काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई नुसत्या "हो, हो" म्हणत राहिल्या. मग फोन माझ्याकडे देऊन त्या आत निघून गेल्या.